दोन ठोके, मंग एक

कंदील बारीक कर बे. इजवू नोको, बारीक कर म्हणलो. अन् ते बिडी अगोदर पायाखाली घे. चहूकडं कापसाच्या गंज्या पडेल हायेत, अन् हे लेकाचे सरकी काढायच्या जिनाच्या फाटकात बिड्या ओढतेत! मुनीमजीनं पाह्यलं तं उद्या तुमच्या बैलगाड्या वजनाच्या रांगेत सगळ्यायच्या मागं, अन् हा मोतीराम फाटकाच्या बाहेर.

काऊन हसून राह्यले होते मघाशी? मी पाह्यलं बरं. फाटकाम्होरं थे लॉरी बंद पडली, तिचा माणूस रस्त्यावर उताणा निजून खालून पान्यानं टक् टक् करू राह्यला, तं तुमाले हसू फुटलं. एक जण म्हणे, "लॉरीची नाडी पाह्यते वाट्टे!" कोण म्हणलं थे? तूच ना? हाव, तोंडावरच दिसते.

हसू नोका बाप्पा. त्या कामाले मी हसत नाही. माह्यासारखा संशयी माणूस नाही हसत, तं समजा काहीतरी असन. तुमी मले वळखता. गाडी फाटकात आली का मी कापसात कोपरापरेंत हात घालतो. खाली दगड ठेयेल हायेत का, पाणी शिपडेल हाये का, सारं पाह्यतो. सख्ख्या साल्याची गाडी रिकामी करायले लावली मी. मंग मी भुताच्या गोष्टीवर सुखासुखी इश्वास ठेवीन का? पण हे सांगतो थे खुर्शीद मिस्त्रीचं हाये. मलकापूरचा खुर्शीद, टेसनाजवळ ज्याचं दुकान हाये, थो. माह्या जिवाचा माणूस. त्यानं मले जे सांगितलं अन् मी माह्या डोळ्यानं जे पाह्यलं, तेवढंच सांगतो. वरून मीठ लावत नाही.

अगोदर थे टक् टक् काय असते थे आयका.

मोटारीले सेल्फ असते. लोखंडी डबं, इंजिनाच्या बाजूले खाली लटकेल. आतल्या माणसानं बटन दाबलं का सेल्फ इंजिनाले पहिली गिरकी देते, मंग इंजिन आपलं आपलं चालते. सेल्फ जुना झाला का आतल्या आत अडकते. मंग एकानं गाडीखाली निजायचं अन् डब्यावर पान्यानं हलका ठोका द्यायचा, तेवढ्यात दुसऱ्यानं वर बटन दाबायचं. अडकेल सुटते. आता सांगा, जो खाली निजला त्याचा जीव कोणाच्या हातात? वरच्याच्या! गाडी गिअरात राह्यली अन् बटन दाबल्या गेलं, तं गाडी म्होरं उडी मारते. खालचा तठीच खलास.

म्हणून मोटारवाल्यायची रीत हाये. खालचा दोन ठोके मारते. टक् टक्. म्हणजे इचारते, वर सारं ठीक हाये का? वरच्यानं गिअरचा दांडा हातानं हलवून पाह्यचा, ढिला लागला, म्हणजे गाडी गिअरातून सुटेल हाये, का मंग आवाज द्यायचा, "न्यूटल हाये!" हे आयकलं का खालचा एक ठोका मारते, अन् त्याच ठोक्यावर वरच्यानं बटन दाबायचं. दोन ठोके, जबाब, मंग एक. जबाब आल्याबिगर तिसरा ठोका नाही. समजलं? ध्यानात ठेवा.

तं बुलडाण्याचे भगवानराव. जमीनजुमलेवाला माणूस, बोलण्यात कडक, पण कोणाचं वाईट न करणारा. लढाई संपली अन् फौजेच्या गाड्यायचे लिलाव झाले, तवा त्यायनं एक लॉरी घेतली. क्रूड तेलावर, म्हणजे डिझलवर चालणारी. आपल्या मुलखात तवा तशी दुसरी नव्हती. फौजेचा हिरवा रंग खरवडला तरी खालून नंबर दिसे. मलकापूर टेसनावरून मीठ, घासलेट, कापडाच्या गाठी बुलडाण्याले नेत, अन् येताना कापूस आणत आपल्या जिनात. गाडी चांगली, पण क्रूडच्या गाडीचं इंजिन मोठं जड. हँडल मारून चालू करू म्हणलं तं पैलवानाचे हात उतरतेत. सेल्फ चालला तं गाडी चालली, नाही तं डोंगर.

गाडीवर दोघं जण. डायवर इंद्रभान, अन् त्याच्या जोडीले कडूबा. कडूबा तीस-बत्तीसचा गडी, मान खाली घालून काम करणारा. त्याची बायको झुंबरबाई भगवानरावाच्या घरी धुण्याभांड्याले. लेकरू नव्हतं. पण त्या नवराबायकोचं मोठं गोड होतं. कडूबाच्या पान्याची मूठ थंडीत हाताले चटके दे, तं झुंबरबाईनं आपल्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून मुठीले गुंडाळून देल्ला होता. आमी त्याले लय चिडवायचो, "कडूबा, पानाच नेसवला का बे बायकोनं?" तं थो लाजे.

मार्गेसर महिन्यात कडूबा मेला.

राजूरच्या घाटात. लॉरी रातचीच घाट चढे, दिवसा इंजिन लय तापे म्हणून. घाटात एका वळणावर पाणी झिरपते, तठी दगडाचं कुंड हाये. सगळे मोटारवाले तठी गाडी उभी करून इंजिनाले पाणी पाजतेत. चढावर उभी कराची म्हणून गाडी पह्यल्या गिअरात टाकून ठेवाची, मागच्या चाकाले दगड लावाचा. तठीच झालं. इंद्रभानानं फौजदाराले सांगितलं का मी कुंडावर पाणी भरू राह्यलो होतो, गाडीत कोणीच नव्हतं. कडूबा एकटाच खाली निजून ठोके मारू राह्यला होता. तेवढ्यात सेल्फ आपोआप फिरला. गाडी गिअरात होती, तिनं उडी मारली अन् मागचं चाक...

जाऊ द्या.

फौजदारानं खाली वाकून पाह्यलं. सेल्फची तार उघडी. वरची पट्टी सुटेल, नागडी तार लोखंडाले लागेल. अन् त्याच हप्त्यात सेल्फ दुरुस्त कोणं केला होता? खुर्शीदनं.

झालं. फौजदारानं केस केली नाही, पण लोकायच्या तोंडाले कोण हात लावन? "मिस्त्रीनं तार उघडी सोडली, माणूस मारला." खुर्शीदच्या दुकानात गाड्या येईनाश्या झाल्या. पण त्याचं दुख वेगळंच होतं. एक दिवस माह्यापाशी बसून म्हणे, "मोतीरामभाई, लोगां बोलतेत तो बोलू द्या. पण मलेच याद नाही येऊन राह्यलं. मी त्या तारेले पट्टी गुंडाळली होती का नव्हती? रोज रातच्याले उठतो, हात पाह्यतो. हात सांगतेत गुंडाळली. मंग दिल म्हणते, नाही गुंडाळली." पाच वक्त नमाज पढणारा माणूस, पण जेवण सुटलं त्याचं. मी म्हणलो असन तुह्याकडून चूक, होते माणसाच्या हातून. तसं नव्हतं म्हणाले पाह्यजे, पण माहा सभाव असा. तो उठून गेला.

महिना झाला असन नसन, इंद्रभान लॉरी घेऊन खुर्शीदच्याच दारात! क्रूडच्या इंजिनाचा दुसरा मिस्त्री अकोल्याबिगर नव्हता. म्हणे सेल्फ लागत नाही. खुर्शीदनं खोलला, साफ केला, आतले घासेल कार्बन बदलवले, दिवसभर बटन दाबून पाह्यलं. झकास चाले. चार दिवसानं इंद्रभान परत हजर. "घाटात लागत नाही." खुर्शीदनं मंग एका मोडेल फौजी गाडीचा अख्खा दुसरा सेल्फ बसवला, त्याले लाल रंग देल्ला, तारेले एकावर एक अशा पट्ट्या गुंडाळल्या का आंधळ्यानं चाचपली तरी समजन. तरी इंद्रभान परत. "मलकापुरात लागते, बुलडाण्यात लागते. त्या कुंडापाशी लागत नाही."

"मंग घाट चढून कसा जातो तू?" खुर्शीदनं इचारलं.

"लागते मंग... थोड्या वेळानं."

"कसा लागते?"

इंद्रभान गाडीची काच पुसू लागला.

आता खुर्शीदच्या मनात पाल चुकचुकली. हाच तार ढिली करून मले बदनाम करून राह्यला का काय? का घाटात माल उतरवून इकते अन् उशिराचं कारण सेल्फवर ढकलते? अन् मलेही खरं सांगतो, तोच संशय आला. मी खुर्शीदले म्हणलो, "तू सोता बस गाडीत. तुह्या डोळ्यानं पाह्य." तं हा बसला. इंद्रभान नाही नाही म्हणू राह्यला होता. "मिस्त्री, थंडी लय हाये. मिस्त्री, आज सण हाये, घरी राहा." अबे, सण तुह्या घरी, खुर्शीदच्या घरी कायची संक्रांत?

हाव, संक्रांतच होती. सत्तेचाळीस सालची, मंगळवार. पौषातला अंधारा पंधरवाडा, चांद अर्ध्या रातीशिवाय निघणार नव्हता. मोताळ्यात लॉरी अठीच, या फाटकापाशी थांबली. मी दोघायच्या हातावर तीळगूळ ठेवला. खुर्शीदनं खाल्ला. इंद्रभानानं मुठीत धरला अन् खिशात टाकला. तिसऱ्या कोणासाठी ठेवते तसा. मले थे तवा खटकलं.

म्होरचं मी पाह्यलं नाही. खुर्शीदनं सांगितलं थे सांगतो.

राजूर सुटलं अन् घाट लागला. इंजिन घरघर करत चढू राह्यलं होतं. कुंडाच्या वळणावर इंजिनातून वाफ निघू लागली. गाडी उभी केली, गिअरात टाकली, खुर्शीदनं उतरून मागच्या चाकाले दगड लावला. पाणी पाजलं. जरा थंड होऊ देल्ली. चहूकडं गच्च अंधार, खाली दरीत कुठीतरी कोल्हे वरडू राह्यले होते.

दोघंही वर येऊन बसले. खुर्शीद म्हणला, "दाब."

इंद्रभानानं बटन दाबलं.

टक्.

परत दाबलं. टक्. नुसतं टक्. बत्तीचा उजेड झगझगीत, म्हणजे बॅटरी भरेल. तार नवी, सेल्फ नवा. खुर्शीदनं पाना उचलला. "तू वर राह्य. मी खाली जाऊन ठोके देतो."

इंद्रभानानं त्याचं मनगट धरलं. "खाली जाऊ नोको."

"काऊन?"

"नोको जाऊ म्हणतो ना. बस. थांब जरा."

"कायले थांबू? काय लपवून राह्यला तू?"

इंद्रभानानं मनगट सोडलं अन् दोन्ही हात चाकावर ठेवले. खुर्शीद म्हणे, मले वाटलं आता घाटातून याचे माणसं येतीन, माल उतरवतीन. मी पाना घट्ट धरला. काच खाली केली. कान देल्ला. कोणी येईना. कोल्हेही गप झाले...

अन् खालून...

टक् टक्.

खुर्शीदच्या पायाखालून. पत्र्यातून तळव्याले लागलं त्याच्या. दोन ठोके. सावकाश. कामाची सवय असेल माणूस मारते तसे.

"कोण हाये बे?" खुर्शीद वरडला.

काही नाही.

खाली कोण असन? सडकेवर येताना कोणी दिसलं नव्हतं. आता उतरतो अन् तंगडी धरून बाहेर ओढतो म्हणून त्यानं दाराले हात घातला...

टक् टक्.

मंग थांबलं. खुर्शीद मले म्हणे, "मोतीरामभाई, थे थांबणं मी जिंदगीत इसरणार नाही. खालचा वाट पाहू राह्यला होता."

इंद्रभानाच्या कपाळावर घाम. त्या थंडीत घाम. त्यानं गिअरचा दांडा धरला. बाहेर काढला. डावीकडं हलवला, उजवीकडं हलवला. परत हलवला. अन् लेकराले समजावते तशा आवाजात म्हणला,

"न्यूटल हाये, कडूबा."

टक्.

एकच ठोका.

इंद्रभानानं बटन दाबलं. अन् इंजिन धडधड करत चालू झालं!

खुर्शीद उतरला. हातातल्या बॅटरीचा उजेड गाडीखाली मारला. धूळ होती, तेलाचे दोन-चार थेंब होते. माणूस नव्हता. कोणाच्या निजल्याची खूणही नव्हती. तो परत वर येऊन बसला. गाडी चढू लागली, वळण मागं पडलं, तवा कुठी त्याले अक्कल आली. मिस्त्री माणूस. ठोक्याले कोण जबाब देते, थे त्याले शिकवावं लागत नाही.

"इंद्रभान, तू तं त्या राती कुंडावर पाणी भरत होता. गाडीत कोणीच नव्हतं म्हणला होता तू. मंग थो जबाब तुले काऊन मागते?"

इंद्रभान रडू लागला. ढसाढसा. गाडी हाकलत रडू राह्यला होता. "उद्या सांगतो मिस्त्री. भगवानरावापुढं सांगतो. सारं सांगतो. पण अठी घाटात इचारू नोको. तो आयकते."

बरं. बुलडाणा आलं, दिवस निघाला. अन् दिवसाच्या उजेडात माणूस कसा बदलते पाह्य! खुर्शीद वाट पाह्यते, हा आंघोळ करून, टोपी घालून आला अन् म्हणे, "काय सांगू मिस्त्री? तुमाले डुलकी लागली होती घाटात."

त्याच दिवशी कर. करीच्या दिवशी कोणी बाहेरगावी गाडी काढत नाही, म्हणून लॉरी भगवानरावाच्या अंगणातच उभी. भगवानराव दिवसभर मळ्यात, ते दिवेलागणीले आले. घरात बायकायचं हळदीकुंकू चालू. झुंबरबाई मागच्या बाजूले भांडे घासू राह्यली होती. पांढऱ्या कपाळाच्या बाईले हळदीकुंकवात कोण बोलावते? खुर्शीदनं भगवानरावाले राती घडलं थे सगळं सांगितलं. इंद्रभान हसला. "मालक, याच्या हातानं माणूस मेला. आता भुताच्या नावावर आपलं पाप माह्यावर ढकलते."

भगवानरावानं दोघायकडं पाह्यलं. त्यायचा दोघायवरही इश्वास नव्हता. मी असतो तं माहाही नसता. म्हणे, "गाडी अठीच उभी हाये ना? चालू कर. लागली तं हा मिस्त्री खोटा. मंग याचं तोंड या दारात दिसायले नोको."

इंद्रभान खुशाल चढला. अंगण सपाट, बुलडाण्यात सेल्फ कधी अडकत नव्हता. त्यानं बटन दाबलं.

टक्.

परत दाबलं. टक्. त्याचं हसू गेलं. परत परत दाबू लागला. खुर्शीद लांब उभा, भगवानराव ओसरीवर, गडी माणसं कंदील धरून कडेले. गाडीजवळ कोणी नाही. घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राह्यल्या.

टक् टक्.

गाडीखालून.

एका गड्यानं कंदील खाली धरला. काहीच नाही. रिकामी जमीन.

टक् टक्.

इंद्रभान पुतळ्यासारखा बसेल. दांड्याले हात लावत नव्हता. तोंड उघडत नव्हता.

तवा मागून झुंबरबाई आली. हाताले राख तशीच. गर्दीतून सरळ गाडीपाशी. तिच्या डोळ्यात भेव नव्हतं, खुर्शीद सांगे. ती म्हणे, "हा माह्या दाराचा ठोका हाये."

भगवानरावानं इचारलं, "काय म्हणते बाई?"

"रातचे घरी येत तवा असेच वाजवत. दोन. मंग मी आतून 'आली हो' म्हणो, तवा एक वाजवत अन् हसत. मी बोलल्याबिगर तिसरा वाजवत नव्हते. कितीही थंडी असो, उभे राहात." मंग इंद्रभानाकडं मान वर करून म्हणे, "जबाब दे ना रे भाऊ. कवाचे वाट पाहून राह्यले. जबाब आयकल्याबिगर थे कुठीच जात नाहीत."

टक्... टक्.

या बारीचे ठोके थकेल होते म्हणे.

इंद्रभानानं दांडा धरला. डावीकडं-उजवीकडं हलवून पाह्यला. अन् त्याच्या तोंडातून आवाज निघाला, "न्यूटल हाये, कडूबा... आज हाये. त्या राती नव्हतं रे..."

टक्.

त्यानं बटन दाबलं अन् इंजिन चालू झालं. त्या आवाजात त्यानं सगळं ओकून टाकलं. त्या राती तोच वर बसेल होता. दोन्ही हात कांबळ्यात. कडूबानं ठोके मारले, इचारलं. यानं थंडीचा आळस केला, हात बाहेर काढला नाही, दांडा हलवला नाही. नुसतं तोंडानं म्हणला, न्यूटल हाये. कडूबानं इश्वास ठेवला. तिसरा ठोका मारला.

खुर्शीदले एकच इचारायचं होतं. "तारेले पट्टी होती का?"

"होती," इंद्रभान म्हणला. "चांगली घट्ट गुंडाळेल होती. मीच मागून काढली."

खुर्शीद तठीच धुळीत बसला. दोन्ही हात डोळ्याम्होरं धरले अन् लेकरासारखा रडला. त्याले थांबवायचं सगळ्यायच्याच जिवावर आलं.

भगवानरावानं इंद्रभानाले त्याच राती गडी लावून चौकीत पोचवलं. म्होरं त्याले सजा झाली. खुर्शीदले ओसरीवर जागा देल्ली, तो चार गड्यायच्या मधात निजला. अन् झुंबरबाईले घरातल्या बायकायनं जाऊ देल्लं नाही. "अशा राती एकटी कुठी जातेस? अठीच पड." तिची झोपडी गावाबाहेर वस्तीत. ती घरी जातो घरी जातो म्हणू राह्यली होती. पण बायकायनं दाराले कडी घातली अन् तिले आपल्या मधात निजवलं. चांगल्या मनानंच केलं त्यायनं.

काय रे? संपली म्हणता? चला उठा मंग, बैलायले कडबा टाका... बसा बे. माह्या डोळ्यानं पाह्यलं थे राह्यलंच ना.

तिसऱ्या दिवशी खुर्शीद इकडून जाताना थांबला, सगळं सांगितलं. मले आनंद झाला, पण खरं सांगू? संशयही आला. नाव धुवायले माणूस काय करन अन् काय नाही! मी मुनीमजीले सुट्टी मागून थेट बुलडाणं गाठलं. गड्यायले इचारलं, बायकायले इचारलं, सगळ्यायचं बोलणं एक. मंग झुंबरबाईच्या वस्तीत गेलो. म्हणलो, माय, मी कडूबाच्या वळखीचा, मोताळ्याच्या जिनातला मोतीराम. ती दारातच बसेल होती. बसायले पोतं टाकलं, पाणी देल्लं. अन् दाराकडं बोट दाखवलं.

करीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली, तवा तिले दिसलं. दाराच्या फळीवर, बाहेरून, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर खळगे पडेल. लोखंडाच्या मारानं पडतेत तसे. मी बोट लावून पाह्यलं. लाकूड ताजं फुटेल, आत काळं वंगण, अजून ओलं. अन् एका खळग्यात हिरवा धागा अडकेल. कडूबाचा थो पाना घाटात कोणालेच सापडला नव्हता. फौजदारानं शोधला होता, खुर्शीदनं शोधला होता.

मी तवाही संशय सोडला नाही. त्या राती इंद्रभान चौकीत कोंडेल. खुर्शीद चार जणायच्या मधात. तिच्या दारी कोण येणार? मी तिलेच इचारलं, "माय, तुले काय वाटते?"

ती म्हणे, "मी घरी नव्हती ना हो दादा." एवढंच बोलली, अन् पदर तोंडाले लावला.

तवापासून ती कोणाच्या घरी राती राहात नाही. लगीन असो, मयत असो, दिवस बुडाला का आपल्या घरी. दाराजवळच अंथरूण टाकते. भगवानरावानं सुताराले पाठवलं होतं फळी बदलवायले, तिनं परत लावला.

खळगे? हाव, बरोबर इचारलं. मी सगळी फळी चाचपली, वरून खालपरेंत, उजेड धरून पाह्यली.

दोनच होते.